ओळखीची खूण

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं,
नमुना अ भरला,
विषयाच्या रकान्यात लिहिलं:
शिदू आबा लोहार, राहणार रहिमतपूर,
सातारा जिल्हा कारागृहातून कधी सुटले, ते कळावे.

कधी आत गेले ते ठाऊक होतं.
मी तिसरीत होते.
तीन विहिरींवरच्या मोटारींतली तांब्याची तार गेली
आणि आमच्या भट्टीत हिरवी ज्योत दिसली,
असं लोक म्हणाले.
आई म्हणायची, कोल्हापूरला कामाला गेलेत.
पुढे तेही म्हणेनाशी झाली.

एकवीस दिवसांनी उत्तर आलं:
मागितलेली माहिती तृतीय पक्षाची आहे.
नाते सिद्ध करावे.

खिडकीपलीकडे शेडगे नावाचे क्लार्क. सज्जन माणूस.
ताई, आधार दाखवा, म्हणाले.
आधारवर मी सुलन अर्जुन पोळ.
मधल्या नावातून वडील लग्नाच्या दिवशीच निघून गेलेले,
कुणी साधी रेघसुद्धा न ओढता.
मग शाळा सोडल्याचा दाखला शोधला,
पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी अंथरलेल्या कागदाखाली.
तिथे ते होते, निळ्या शाईत,
माझ्या आणि लोहारच्या मध्ये अंग चोरून बसलेले:
शिदू.

आताची नावं कॉम्प्युटरवर असतात, शेडगे सांगत होते,
बटण दाबलं की कोण कुठल्या बराकीत ते दिसतं.
तुमचं साल रजिस्टरात.
रजिस्टर एका कोपऱ्यातून वाळवीने खाल्लेलं.
त्यांनी पान दोन्ही हातांनी उचलून उलटलं.
वडिलांना कुणी इतकं जपून हाताळलेलं
मी पाहिलं नव्हतं.

बंदी क्रमांक चारशे सतरा.
उंची पाच फूट चार इंच. बांधा सडपातळ.
ओळखीची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग,
डाव्या कानामागे तीळ.

डाग मला माहीत होता.
तीळ सरकारला माहीत होता.

शिक्षा नऊ महिने. वर्तन चांगले. माफी सव्वीस दिवस.
परत दिलेले सामान:
सदरा एक, चामडी पट्टा एक, रोख साडेसहा रुपये,
कुलूप एक, नादुरुस्त.
शेडग्यांना हसू आलं.
कुलूप घेऊन तुरुंगात आलेला
हा एकच गडी असेल, म्हणाले.
मग माझ्याकडे बघून गप्प झाले.
ते आमच्या दाराचं कुलूप.
दुरुस्त करतो म्हणून त्यांनी खिशात टाकलं होतं.
तेव्हापासून आम्ही कडीला सुतळी बांधतो.

शेवटचा रकाना, प्रवासखर्च:
सातारा ते रहिमतपूर.
त्यावर एक आडवी रेघ.
खाली त्याच अक्षरात, सातारा ते वाठार स्टेशन.
आणि अंगठा.

पहिलं नाव क्लार्कनं पत्त्यावरून उतरवलं असेल.
किंवा त्यांनीच सांगितलं असेल
आणि शाई वाळेपर्यंत तिथे उभे राहिले असतील.
शेडग्यांना विचारलं.
तेवढं लिहीत नाही आम्ही, म्हणाले.

साक्षांकित प्रत, पानाला दोन रुपये.
बाहेर उन्हं कलली होती.
कॉलेजची पोरं गाड्या काढून
चार भिंतींवर फिरायला निघालेली.
टेकडीच्या त्या नावाचं त्यांना काही वाटत नाही,
मलाही इतकी वर्षं वाटलं नव्हतं.

आईला वाचता येत नाही.
कागद उलटा धरून म्हणाली, काय लिवलंय?
मी वाठार सोडून सगळं वाचलं.
तिळाशी तिनं नुसती मान हलवली.
कुलुपाशी काही बोलली नाही.
मग म्हणाली, उंची परत वाच.

पाच फूट चार इंच.

खोटं हाय.
पाच पाच तरी असंल,
चौकटीला डोकं लागायचं त्यांचं.
आणि गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाली,
कडीची सुतळी सोड,
मापून दावते.